जळकोटची कंट्रोलर

सुजाताच्या भावाचा, राहुलचा, फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात होते. प्रवेशाचे दिवस होते. खिडकीपाशी पोरांची आणि त्यांच्या आईबापांची गर्दी, पंखा फिरतोय पण वारा लागत नाही अशी सकाळ. फोन टेबलावर थरथरला, त्याचं नाव दिसलं आणि मला कळलंच. तरी मी उचलायच्या आधी समोरच्या बाईंच्या अर्जावर शिक्का मारला, तो त्यांच्या हातात दिला आणि मग उचलला. "मंगलताई, ती गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला अजूनही कळलेलं नाही... त्याच्या मागून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता, म्हणजे तो जळकोटच्या घराच्या ओट्यावर उभा असणार. मग तो म्हणाला, "तुम्ही येईपर्यंत थांबतो आम्ही." मी पर्स उचलली, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना खिडकी सांभाळा म्हणाले आणि एसटी स्टँडवर गेले.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी येऊन गेले, त्रिशरण-पंचशील झालं आणि गावातली चार माणसं बोलायला उभी राहिली. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. मुलगी गुणाची होती, बापाची सेवा केली, कुणाच्या अध्यात ना मध्यात... आणि कामाचा विषय निघाला की प्रत्येक जण जरा अडखळायचा आणि म्हणायचा, "ते कॉम्प्युटरचं कायतरी करायच्या ताई." मी मागं सतरंजीवर बसले होते. उठून सांगावंसं वाटलं की कायतरी नव्हे, अमुक एक काम करायची आणि फार नीट करायची. पण चारचौघांत बोलायची मला सवय नाही. म्हणून लिहिते आहे.

सुजाता आणि मी जळकोटच्या शाळेत पहिलीपासून शेजारी बसायचो. आमचं शेत हायवेच्या वरच्या अंगाला, त्यांचं घर हायवेला लागून खालच्या अंगाला. तिची आई ती लहान असतानाच गेली. वडील एसटीत कंडक्टर, ड्यूटी कधी मुक्कामी गाडीवर, कधी पहाटेच्या पहिल्या गाडीवर. राहुल तिच्याहून बराच लहान, त्याला शाळेसाठी तयार करून ती सकाळी आमच्या घरी वेणी घालून घ्यायला यायची. माझी आई एकाच वाटीतलं तेल दोघींच्या डोक्याला लावायची. ती मला मंगे म्हणायची. पुढं माझं मंगलचं मंगलताई झालं, सासरी वहिनी झालं, ऑफिसात मॅडम झालं, पण ती शेवटपर्यंत मंगेच म्हणाली. बारावीनंतर ती सोलापूरला इंजिनिअरिंगला गेली आणि मी लग्न होऊन धाराशिवला आले. तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. ती पुढं पुण्यात एका कंपनीत लागली. दुसऱ्यांच्या वेबसाइट आणि दुसऱ्यांच्या मेल सांभाळणारी कंपनी. सुट्टीला आली की दोघी तुळजापूरच्या स्टँडवर भेटायचो, उसाचा रस प्यायचो आणि आपापल्या गाडीत बसायचो.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा राहुल मस्कतला नोकरीला लागलेला होता. सुजाता पुण्याची खोली सोडून जळकोटला आली. थोड्या दिवसांसाठी आली होती, ती राहिलीच. कंपनी सोडून तिनं स्वतःचं काम सुरू केलं. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन कॉम्प्युटर, लाईट गेली तर इन्व्हर्टर, तोही बसला तर फोनवरचं नेट. गावाला वाटायचं पोरगी घरी बसून असते. खुद्द वडिलांनाही कळत नव्हतं. एका दुपारी मी तिथं होते. ते ओट्यावर बाजेवर बसलेले, जीभ जरा जड झालेली, पण डोकं शाबूत. त्यांनी विचारलं, "सुजा, दिसभर त्या डब्याम्होरं बसतीस, नेमकं करतीस काय गं?"

ती बाहेर येऊन त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, स्टँडात गाडी आली की कुठल्या फलाटाला लावायची हे कोण सांगतं?"

"कंट्रोलर."

"आणि ती गाडी खरंच आपल्या डेपोची हाय, का कुणी लाल रंग मारून आणलीय, हे कोण बघतं?"

"ते बी कंट्रोलरच बघणार की."

"मग मी तेच करते. गाड्यांच्या जागी लोकांच्या मेल."

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "मग कंट्रोलर हाय म्हण की सरळ." त्या दिवसापासून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले की आमची सुजा कंट्रोलर हाय. उभा जन्म एसटीत काढलेल्या माणसाच्या तोंडी तो मोठा हुद्दा होता. सुजातानं तो कधी दुरुस्त केला नाही. माझ्या मते दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

तिच्याजवळ बसून बसून मला जे समजलं ते एवढं. कुणी कुणाला मेल पाठवली की ती वाटेत आधी चौकशी करते, ह्या नावाचं टपाल कुठल्या घरी टाकायचं. त्याचं उत्तर एका नोंदीत असतं आणि ती नोंद जगात कुणालाही वाचता येते. दुसरी नोंद सांगते की ह्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुठल्या मशीनला आहे. तिसऱ्या नोंदीवरून मेलवर मारलेला एक न दिसणारा शिक्का पडताळता येतो. हे सगळं जागच्या जागी असलं तर मेल पोचते. एखादा ठिपका इकडचा तिकडं झाला तर ती परत येते, किंवा जाते आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये पडून राहते. पाठवणाऱ्याला वाटतं गेली, घेणाऱ्याला वाटतं आलीच नाही. ह्या शेवटच्या प्रकाराची सुजाताला चीड होती. "परत आलेली बरी मंगे," म्हणायची, "निदान माणसाला कळतं तरी."

सोलापूरचा एक दवाखाना, लातूरकडची एक बियाणं कंपनी, दोन पतसंस्था आणि मी नोकरी करते ती धाराशिवची शिक्षणसंस्था, एवढ्यांच्या मेल तिच्याकडं होत्या. शिवाय तेरखेड्याचे अण्णा. अण्णांचा फटाक्यांचा कारखाना. त्यांची तक्रार अशी की दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांना मालाची यादी पाठवली की निम्म्यांना मिळतच नाही. सुजातानं बघितलं तर यादीत सुतळी बॉम्ब, लक्ष्मी बॉम्ब, हायड्रोजन बॉम्ब, रॉकेट... स्पॅम निवडणाऱ्या, परदेशात बसलेल्या चाळणीला काय कळणार तेरखेडा म्हणजे काय. ती म्हणाली, "अण्णा, मेलमधे नावं लिहू नका, यादी साइटवर ठेवू आणि मेलमधे फक्त 'दिवाळीचा माल आला' एवढंच लिहू." अण्णा म्हणाले, "ताई, बॉम्बला बॉम्ब न्हाय म्हणायचं तर काय लाडू म्हणायचं व्हय?" शेवटी तिनं म्हटलं तसंच केलं आणि मेल जायला लागल्या. त्या वर्षीपासून दर दिवाळीला अण्णांकडून फुलबाज्या-भुईनळ्यांचं खोकं यायचं. ती ते फोडून गल्लीतल्या लेकरांना वाटायची आणि स्वतः ओट्यावर बसून बघायची. एकदा मी विचारलं, तू का लावत नाहीस? म्हणाली, "एकटीनं फुलबाजी धरून उभं राहिलं की कसं दिसतं गं..."

वडील गेले तेव्हा राहुल येऊ शकला नाही. त्याचा पासपोर्ट कंपनीकडं अडकलेला होता, सुटेपर्यंत इकडं सगळं उरकलं होतं. सगळं सुजातानंच केलं. त्यानंतर भावाबहिणीत भांडण असं काही झालं नाही, पण फोन थांबला. तो फोनवर काय बोलणार, आणि ही काय ऐकणार... दोघंही एकमेकांना मेल करायला लागले. तो तिकडचं हवामान लिहायचा, मुलीच्या शाळेचं लिहायचा. ही इकडच्या लाईटचं, पावसाचं लिहायची. ख्यालीखुशाली, त्यापलीकडं काही नाही. वर्षं तशीच गेली. मला वाटायचं ह्यांनी एकदा एकमेकांशी बोलावं, पण दोघांच्या मधे पडणारी मी कोण.

तोवर माझेही मिस्टर गेले होते आणि मुलगा बंगळुरूला होता. रविवारी मी नळदुर्गमार्गे जळकोटला जायला लागले. जायचं, तिच्या हातचं हुलग्याचं माडगं किंवा मी नेलेली शेंगाचटणी-भाकरी खायची, ती टेबलापाशी, मी बाबांच्या रिकाम्या बाजेवर. बोलणं फार व्हायचं नाही. ती मधेच म्हणायची, "मंगे, तुझ्या फोनवर एक मेल पाठवली, कुठं पडली बघ." मी बघायची आणि सांगायची. संध्याकाळच्या गाडीनं परत. माझ्या घराचं कुलूप उघडताना आतला अंधार अंगावर यायचा, पण निदान आठवड्यातला एक दिवस मी कुणाच्या तरी घरी होते असं वाटायचं.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्या संस्थेनंही आपला मेलचा पत्ता बदलायचं ठरवलं. जुन्या पत्त्यात उस्मानाबाद होतं, नव्यात धाराशिव आलं. नव्या नावाचा समारंभ ठरला आणि त्याच दिवशी सगळ्या माजी विद्यार्थ्यांना नव्या पत्त्यावरून मेल जावी असं प्राचार्य सरांच्या मनात आलं. सुजाता फोनवर त्यांना म्हणाली, "सर, थोडं दमानं. नवी सून घरात आल्या आल्या वेशीत उभी राहून सगळ्या गावाला नावानं हाका मारायला लागली तर लोक काय म्हणतील? आधी चार घरांशी ओळख होऊ द्या, मग गाव." सर हसले, पण निमंत्रणं छापून झाली होती. मेल पाठवायचं काम समारंभ करणाऱ्या लोकांनीच उरकून टाकलं. एका दिवसात हजारो मेल गेल्या आणि मोठ्या मेल कंपन्यांनी आमच्या नव्या नावावर काट मारली. संस्थेतून निघालेली कुठलीच मेल कुठं जाईना.

त्यातच आमच्या नर्सिंग कॉलेजातून शिकून गेलेली अश्विनी अडकली. तामलवाडीची पोर, हुशार, सोलापूरच्या दवाखान्यात काही वर्षं काम करून युरोपातल्या एका देशात नर्स म्हणून निवडली गेली होती. तिकडच्या नोंदणी मंडळाला कॉलेजकडून थेट मेलनं तिच्या शिक्षणाची खात्री हवी होती. मंडळानं त्यांच्या दफ्तरी असलेल्या जुन्या पत्त्यावर विचारलं, ती पेटी आम्ही बंद केलेली. आम्ही नव्या पत्त्यावरून आपणहून पाठवली, ती परत आली. मुदत संपत आली होती. अश्विनीचे वडील सकाळच्या गाडीनं येऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचे. काही मागायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. मी बाहेर आले की उभे राहायचे, एवढंच. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, चला जळकोटला." त्यांनी स्वतःच्या गाडीत मला बसवलं, अश्विनीच्या वडिलांना बसवलं आणि आम्ही निघालो.

सुजातानं सगळं ऐकून घेतलं. नव्या नावावरची काट निघायला वेळ लागणार होता, तेवढा वेळ नव्हता. मग ती म्हणाली, "जुन्या नावाची मुदत अजून हाय सर. ते मी सोडलेलं न्हाय. नाव मोकळं सोडलं की कुणीही उचलतं आणि आपल्या नावानं लिहायला लागतं. शिवाय लोकांना जुनाच पत्ता पाठ असतो." तिनं जुन्या नावाच्या नोंदी पुन्हा लिहिल्या, पेटी पुन्हा उघडली. पण नोंद लिहिली म्हणून सगळ्या जगाला लगेच कळत नाही. ती पसरायला वेळ लागतो, कुठं घटकाभर, कुठं बराच. थांबण्याशिवाय उपाय नव्हता. दुपारची वेळ, त्यात लाईट गेलेली. सर बाबांच्या बाजेवर बसले, अश्विनीचे वडील खाली पायरीवर. मी आणि सुजाता आत चहा करत होतो.

मी सहज विचारलं, "तुला पुण्याला परत जावंसं वाटत न्हाय का गं?"

"वाटतं की. सकाळी वाटतं."

"आणि?"

"दुपारपर्यंत जातं." तिनं चहा गाळला. "तिथं बी एकटीच होते मंगे. फक्त लिफ्ट होती."

उन्हं कलायला लागली तेव्हा मंडळाच्या बाजूनं नोंद दिसू लागल्याचं तिनं सांगितलं. सरांनी मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि मेल गेली. मग पुन्हा थांबणं. युरोपात तेव्हा कामाची वेळ होती, तीच काय ती मेहेरबानी. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, दोन ओळींचं, की कागद मिळाले आणि अर्ज पुढं घेतला आहे. तिनं लॅपटॉप उचलून बाहेर आणला आणि अश्विनीच्या वडिलांपुढं धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"म्हंजी जाईल का वो पोरगी?"

"तुमच्या पोरीचे कागद पोचले काका. आता पुढचं ती बघंल."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पायरीवरून उठले आणि घराच्या मागं जाऊन उभे राहिले. अश्विनी पुढं गेली. आज ती तिकडं एका दवाखान्यात आहे. सुजाता गेल्याचं मी तिला कळवलं तेव्हा तिनं फोन केला आणि बराच वेळ रडली. दोघींची भेट कधीच झालेली नव्हती.

आजार कळला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. पोट फुगायला लागलं, तिला वाटलं ॲसिडिटी. सोलापूरला दाखवलं तेव्हा फार पुढं गेलेलं होतं. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "मंगे, ह्या रविवारी मुक्कामाच्या तयारीनं ये." मी गेले आणि रजा टाकून राहिले. मग सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. केमोची सुई हातात आणि दुसऱ्या हाताखाली लॅपटॉप. मी म्हणायची, ठेव की ते आता. ती म्हणायची, "ह्याच दवाखान्याच्या मेल हायत माझ्याकडं. ठेवलं तर माझाच रिपोर्ट मला यायचा न्हाय." राहुलला तिनं लिहिलं होतं की पोटाचं दुखणं आहे, औषध चालू आहे. मी कळवू का विचारलं तर नको म्हणाली. त्याच्या मुलीची परीक्षा आहे, म्हणाली.

उपचार लागू पडत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ती घरी आली आणि आवराआवर सुरू केली. कपाटांची नव्हे, नावांची. लातूरच्या एका ओळखीच्या कंपनीशी तिनं बोलणं केलं आणि एकेक गिऱ्हाईक तिकडं सोपवलं. आधी दवाखाना, मग बियाणंवाले, मग पतसंस्था. प्रत्येक ठिकाणी नोंदी बदलायच्या, दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं, एकही मेल वाटेत हरवली नाही ना बघायचं, आणि मग तिथलं स्वतःचं नाव पुसायचं. दमून झोपायची, उठून पुन्हा बसायची. अण्णा तेरखेड्याहून भेटायला आले. एरवी आवाज घुमवणारा माणूस, तासभर बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमच्या मेलची काळजी करू नका. न्हाय गेल्या तर न्हाय गेल्या." मी आत येऊन सांगितलं. सुजाता म्हणाली, "जातील. बघितलंय मी."

सगळ्यांचं झालं आणि तिचं स्वतःचं उरलं. स्वतःच्या नावाचा तिचा एक पत्ता होता, पुण्यात असल्यापासूनचा. ती दुपार मला विसरता येत नाही. उशीला टेकून बसली होती, हातावरचं कातडं कागदासारखं झालेलं. मी म्हणाले, "हे राहू दे की. आपोआप बंद पडंल."

"आपोआप पडलं की वाईट असतं," ती म्हणाली. "सर्व्हर नुसता गप्प झाला की समोरच्याला वाटतं आत्ता उघडंल, मग उघडंल. दिवसच्या दिवस त्याची मेल दारात उभी राहते आणि त्याला काय कळत न्हाय. त्यापेक्षा नोंदच काढून टाकलेली बरी. लगेच परत जाते. माणूस मोकळा होतो."

मग तिनं एकेक नोंद काढली. शिक्क्याची, परवानगीची, शेवटी घराची. "बघ," म्हणाली, "आता मला कुणी लिहिलं तर ते माघारी जाईल." आणि लॅपटॉप मिटला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले...

चार-सहा दिवसांनी मस्कतहून माझ्या फोनवर राहुलचा आवाज आला. कित्येक वर्षांनी ऐकत होते. "मंगलताई, सुजाताईला मेल केली ती लगेच परत आली. पत्ताच न्हाय म्हणतंय. तिचा पत्ता बंद कसा पडंल? ती कुणाचाच पडू देत न्हाय." मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "ती बरी न्हाय, व्हय ना?" मी व्हय म्हणाले. पुढच्या विमानानं तो आला.

हायवेवर उतरून बॅग ओढत तो घरात शिरला तेव्हा ती जागी होती. त्याचे केस पांढरे झालेले तिनं पहिल्यांदाच पाहिले. "बस," म्हणाली. तो खाली जमिनीवर बसला आणि त्यानं तिचे पाय धरले. बाबांच्या वेळेचं सगळं तो बोलू लागला, पासपोर्टचं, मस्कतच्या विमानतळापर्यंत जाऊन परत फिरल्याचं. तिनं ऐकून घेतलं. मी ओट्यावर जाऊन बसले. आतून बराच वेळ त्याचाच आवाज येत होता, मग दोघांचा, आणि एकदा तर चक्क हसण्याचा. नंतर एकदा तो औषध आणायला नळदुर्गला गेला असताना मी तिला विचारलं, "तू पत्ता मुद्दाम बंद केलास का गं? तो यावा म्हणून?"

ती डोळे मिटून पडली होती. "ते बंद करायचंच होतं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "फोन केला असता तर मीच म्हणाले असते, बरी हाय..." ह्याचा अर्थ हो की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटचे दिवस राहुल तिच्याजवळ होता. तिनंच मला परत पाठवलं, प्रवेश सुरू झालेत, जा म्हणाली. निघताना तिनं आमच्या संस्थेबद्दल सांगितलं. मेलचं तांत्रिक काम लातूरवाले बघतील, पण प्रत्येक नावाला पोस्टमास्टर म्हणून एक पत्ता ठेवावा लागतो, जगभराचा तसा जुना नियम आहे. ज्याची मेल अडली त्यानं तिथं लिहायचं. आजवर ती पेटी तिच्याकडं होती, आता तिनं ती माझ्याकडं वळवली. मी म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, "कळायचं काय त्यात? वाचायचं, आणि उत्तर द्यायचं. रिकामं कुणाला सोडायचं न्हाय." तेच आमचं शेवटचं बोलणं.

राहुल महिनाभर राहून मस्कतला परत गेला. जळकोटच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. एका रविवारी सवयीनं नळदुर्गपर्यंत गेले, स्टँडवर बसून राहिले आणि तिथूनच परत फिरले. कुलूप उघडून आत जायचं धैर्य अजून होत नाही. रविवार आता फार लांब असतो. दिवसभर कुणी हाक मारत नाही, आणि मारली तरी त्या नावानं मारणारं आता कुणी नाही.

सकाळी ऑफिसात गेले की खिडकी उघडायच्या आधी मी ती पोस्टमास्टरची पेटी उघडते. बहुतेक वेळा रिकामी असते, किंवा मशीननं मशीनला लिहिलेलं काहीतरी असतं. तिच्या वेळचा जुना पत्रव्यवहार त्यातच आहे, कधी कधी तो वाचते. चुकून दुसऱ्या संस्थेला लिहिलेल्या मेललासुद्धा तिनं उत्तर दिलेलं आहे, की ही इथली नव्हे, अमुक ठिकाणी पाठवा. काल परंड्याच्या एका मुलीची मेल होती. जुन्याच पत्त्यावरून फिरून आलेली. लिहिलं होतं, मॅडम, मी दाखल्यासाठी दोनदा मेल केली, काही कळलं नाही, ही तरी पोचली का? मी तिचा दाखला शोधून काढला, सरांची सही घेतली, स्कॅन करून जोडला आणि वर लिहिलं, पोचली. मेल गेली ना, ती परत तर आली नाही ना, हे बघत मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. परत आली नाही. मग उठून खिडकी उघडली. बाहेर रांग लागलेली होती.